विमान पडलं की वैमानिक काय विचारतात?

समाचाराला गेलं की एक प्रसंग हमखास घडतो. गेलेला माणूस पंचावन्नचा, हार्ट ॲटॅकने गेलेला. बसलेल्यांपैकी कुणीतरी हलक्या आवाजात विचारतं, "शुगर होती का हो?" दुसरा विचारतो, "सिगारेट वगैरे?" प्रश्न गेलेल्या माणसाबद्दलचे वाटतात, पण विचारणाराही पंचावन्नच्या आगेमागेच असतो. "हो ना, दिवसाला पाकीट लागायचं," असं उत्तर आलं की त्याला आतून जरा बरं वाटतं. आपण कुठे ओढतो?

छोटं विमान पडल्याची बातमी आली की वैमानिक अगदी हेच करतात. अवशेष अजून शेतात पडलेले असतात आणि इकडे सुरू होतं: स्टॉल झालं असणार. पेट्रोल संपलं असणार. ढगात शिरला असणार. किती तासांचा अनुभव होता? बाहेरच्या माणसाला हे निर्दयी वाटतं. खरं तर बोलणाऱ्यालाही उद्या सकाळी तसल्याच विमानात बसायचं असतं. पडलेल्याने असं काहीतरी केलेलं असावं जे आपण करत नाही, हे त्याला ऐकायचं असतं.

हे अंदाज कशाच्या जोरावर बांधतात आणि ते कुठे फसतात, ते नीट पाहण्यासारखं आहे. आपल्याकडे बारामती, गोंदिया, धुळे इथे कितीतरी मुलंमुली छोट्या विमानांवर शिकत आहेत आणि अपघात झाला की टीव्हीवर हेच शब्द आदळतात, बहुतेकदा चुकीच्या अर्थाने.

त्यातला सगळ्यात बदनाम शब्द म्हणजे स्टॉल. गाडी स्टॉल झाली म्हणजे इंजिन बंद पडलं, हे आपल्या डोक्यात पक्कं आहे. विमानाच्या स्टॉलचा इंजिनाशी थेट संबंध नाही. पंखावरून वाहणारी हवा पंखाला चिकटून वाहते तोवर पंख विमानाला उचलून धरतो. नाक फार वर केलं की हवा आणि पंख यांच्यातला कोन वाढतो आणि एका मर्यादेपलीकडे हवा पंखाचा वरचा पृष्ठभाग सोडून उधळते. उचल कोसळते. इंजिन पूर्ण जोरात चालू असतानाही हे होऊ शकतं. स्टॉल उंचावर झाला तर वैमानिक नाक खाली करतो, काही शे फूट गमावतो आणि सावरतो. प्रशिक्षणात हे मुद्दाम करून घेतात. जमिनीपासून चारशे फुटांवर झाला तर गमावायला फूटच नसतात.

आता हे विमान उतरायच्या बेतात आहे असं समजा. धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी वळण घ्यायचंय, वारा ढकलतोय, वळण मोठं होतंय. म्हणून वैमानिक विमान जास्त कलंडवतो. वळताना पंखाला विमानाचं वजन तर उचलायचंच असतं, वर ते वळवायचंही असतं. 60 अंश कलंडलेल्या विमानाने उंची न सोडता वळायचं ठरवलं तर पंखावर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग साधारण 1.4 पट होतो. सरळ उडताना जे विमान 50 नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) स्टॉल होतं ते आता 70 नॉटलाच होतं. वैमानिकाच्या डोक्यात मात्र 50 चाच आकडा असतो. त्यात रडरवर, म्हणजे पायाने चालवायच्या शेपटीच्या सुकाणूवर, एका बाजूला जास्त पाय पडला तर एक पंख आधी सुटतो आणि विमान गिरकी घेत खाली येतं. उड्डाणानंतर लगेच इंजिन गेल्यावर मागे फिरून धावपट्टी गाठायचा प्रयत्न करताना हेच होतं. त्या वळणाला वैमानिकांच्या बोलीत 'अशक्य वळण' असंच नाव आहे. म्हणून विमानतळाजवळ विमान नाकावर पडलं असं ऐकलं की दहातले आठ जण डोळे मिटून 'स्टॉल' म्हणतात. त्यात अक्कल कमी आणि सवय जास्त. तरी बरेचदा खरं निघतं.

दुसरा लाडका संशयित म्हणजे इंधन. इथे दोन गोष्टींची गल्लत होते: टाकी कोरडी पडणं आणि टाकीत असूनही इंजिनापर्यंत न पोचणं. दुसरी गोष्ट कळायला जुनी मोटरसायकल आठवावी. गाडी चालता चालता आचके द्यायला लागली की डावा हात आपोआप टाकीखाली जायचा आणि कॉक रिझर्व्हवर फिरवायचा. पेट्रोल होतंच, वाट बदलायची होती. अनेक छोट्या विमानांत दोन पंखांत दोन टाक्या असतात आणि कोणत्या टाकीतून प्यायचं ते असाच कॉक फिरवून ठरवावं लागतं. विसरलात तर एक टाकी भरलेली असताना इंजिन उपाशी मरतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, 2011 ते 2015 या वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा इंधनाच्या गलथानपणाचे अपघात वर्षाला सरासरी पन्नासहून जास्त निघाले. नवशिक्यांचे असतील असं वाटतं ना? त्या वैमानिकांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांकडे व्यावसायिक किंवा त्याहून वरचा परवाना होता. 'नवखा होता बिचारा' हे समाधान इथे चालत नाही.

तिसरा संशयित पुरावा मागे ठेवत नाही. कार्ब्युरेटरमध्ये हवा अरुंद जागेतून जाते आणि पेट्रोलची वाफ होते, त्यामुळे आतलं तापमान वीस-तीस अंशांनी उतरू शकतं. बाहेर 20 अंश आणि दमट हवा असतानाही आत बर्फ धरतो, इंजिनाचा श्वास कोंडतो. माणसं अवशेषांपाशी पोचेपर्यंत बर्फाचं पाणीही उडून गेलेलं असतं. यंत्रात काहीच बिघाड सापडत नाही तेव्हा तपासनीस त्या वेळचं तापमान आणि आर्द्रता काढून पाहतात आणि बर्फ धरण्याजोगी हवा होती, इतकंच लिहितात.

वैमानिकांचा अंदाज पहिल्या दिवसापासून खरा ठरल्याचं ठळक उदाहरण म्हणजे जॉन एफ. केनेडी ज्युनिअरचा अपघात. 16 जुलै 1999 ची रात्र. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा हा मुलगा पत्नी आणि मेहुणीला घेऊन न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे स्वतःचं पायपर साराटोगा घेऊन निघाला. तासाभराने विमान समुद्रात पडलं. लोक घातपाताच्या गोष्टी रंगवू लागले; घराणंच तसं. वैमानिकांनी मात्र तीनच गोष्टी विचारल्या: रात्र होती का? धुरकट होतं का? केवळ उपकरणं बघून उडायचा परवाना होता का? उत्तरं आली: होती, होतं, नव्हता. विषय त्यांच्यापुरता संपला.

कारण आपला कान. कानाच्या आत द्रवाने भरलेल्या तीन नळ्या असतात, त्या डोकं वळल्याची खबर मेंदूला देतात. पण वळण एकसारखं चालू राहिलं तर वीसेक सेकंदांत द्रव नळीच्याच वेगाने फिरू लागतो आणि खबर थांबते. मेंदूला वाटतं, आपण सरळ आहोत. फुगडी घालून थांबल्यावर जग उलटं फिरतं ना, तो याच द्रवाचा खेळ. दिवसा क्षितिज दिसतं म्हणून डोळे कानाला खोटं पाडतात. धुरकट रात्री समुद्रावर खाली काळं, वर काळं. विमान हळूच एका बाजूला कलंडतं, नाक झुकतं, उंची कमी होते. वैमानिकाला उंची गेलेली दिसते, कलंडलेलं जाणवत नाही. तो विमान चालवायचा दांडा मागे ओढतो. कलंडलेल्या विमानात दांडा ओढला की ते वर जात नाही, वळण आवळत जातं आणि घसरण आणखी वाढते. केनेडीचं विमान शेवटी मिनिटाला 4,700 फुटांहून जास्त वेगाने खाली येत होतं. इलिनॉय विद्यापीठात 1954 मध्ये वीस जणांना केवळ उपकरणांच्या भरवशावर सोडून पाहिलं होतं. ताबा जायला सरासरी 178 सेकंद लागले. तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

मंडळाने वर्षभराने जुलै 2000 मध्ये दिलेलं कारण वैमानिकांच्या पहिल्या रात्रीच्या बोलण्याशी जुळलं. मग वर्ष कशासाठी घालवलं? इंजिन चालू होतं की नाही, ऑटोपायलटमध्ये दोष होता का, सुकाणूच्या तारा शाबूत होत्या का, हे सगळं खोडून काढल्याशिवाय 'दिशाभ्रम' हा शब्द लिहिता येत नाही. अंदाज आणि निष्कर्ष यांचे शब्द कधी कधी सारखे असतात. खोडलेल्या शक्यतांची ती यादी अंदाजाच्या मागे नसते.

आणि खोडायला साधनं तरी कोणती? बहुतेक छोट्या विमानांत ब्लॅक बॉक्स नसतो, त्यामुळे लोखंडालाच बोलतं करावं लागतं. पंख्याची पाती आपटताना जोरात फिरत असतील तर ती पिळवटतात आणि त्यांच्यावर आडवे ओरखडे उठतात. पंखा थांबलेला असेल तर एखादं पातं नुसतं मागे वाकतं. इशाऱ्याचा दिवा आपटताना पेटलेला होता का, तेही कळतं. तापलेली तार मऊ असते, धक्क्याने ती स्प्रिंगसारखी ताणली जाते; थंड तार तुटते किंवा तशीच राहते. घड्याळासारख्या उपकरणांत काटा तबकडीवर आदळतो आणि बारीक खूण सोडतो, तोच शेवटचा वेग किंवा शेवटचे फेरे. मला या सगळ्या शास्त्रात ही दिव्याची तार फार आवडते. दोन रुपयांची वस्तू, आणि कोर्टात उभ्या राहणाऱ्या साक्षीदारापेक्षा जास्त भरवशाची.

हल्ली अंदाज बांधणाऱ्यांच्या हातात नवं खेळणं आलंय: विमानांचा माग दाखवणारी ॲप. अपघात झाला की अर्ध्या तासात आलेख फिरतो, 'बघा, वेग 45 वर आला होता, स्टॉलच!' तो वेग जमिनीच्या मानाने असतो. पंखाला जमिनीशी काही देणंघेणं नाही, त्याला हवेचा वेग कळतो. समोरून 20 नॉटचा वारा असेल तर ॲपवर 45 दिसणारं विमान हवेत 65 ने उडत असतं, अगदी सुखात. मागून वारा असेल तर उलटं.

जून 2025 मध्ये अहमदाबादला एअर इंडियाचं बोइंग 787 पडलं तेव्हा आपण सगळ्यांनी हा खेळ घरबसल्या पाहिला. ते काही छोटं विमान नव्हतं, पण अंदाजांचा क्रम तोच. पहिल्या दिवशी लांबून काढलेला धूसर व्हिडिओ पाहून अनुभवी वैमानिकही सांगत होते की फ्लॅप, म्हणजे जादा उचल मिळावी म्हणून पंखांच्या मागच्या कडेला उघडायच्या झडपा, उघडलेच नव्हते. कुणी पक्षी म्हणालं. 12 जुलैच्या प्राथमिक अहवालात फ्लॅपचा दांडा उड्डाणाच्या जागी, 5 अंशांवर निघाला आणि पक्ष्यांचा लक्षणीय वावर नव्हता असं आलं. उलट कुणाच्या फारशा ध्यानीमनी नसलेली गोष्ट पुढे आली: दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच उड्डाणानंतर लगेच, साधारण सेकंदाच्या अंतराने, 'कटऑफ'वर, म्हणजे इंधन बंद करायच्या जागी, गेले होते. ते का गेले याचं उत्तर त्या अहवालात नव्हतं, आणि दुसऱ्या तासाला अंदाजांची नवी फेरी सुरू झाली. ही फेरी पहिलीपेक्षा वाईट, कारण आता तिला माणसाचं नाव चिकटवता येत होतं.

आंतरराष्ट्रीय नियम याबाबत फार थंड डोक्याचे आहेत. नागरी विमानवाहतुकीच्या शिकागो करारातल्या तेराव्या परिशिष्टाप्रमाणे तपासाचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणं हा असतो. दोष कुणाचा हे ठरवणं तपासाचं काम नाही. म्हणून एनटीएसबी 'कारण' न म्हणता 'संभाव्य कारण' म्हणते, आणि अमेरिकेत मंडळाचा निष्कर्ष भरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही.

आता ज्या अपघातामुळे मला हे सगळं लिहावंसं वाटलं, त्याकडे येतो. 12 ऑक्टोबर 1997, कॅलिफोर्नियाचा मॉन्टेरे उपसागर. गायक जॉन डेन्व्हर, वय 53, नुकतंच विकत घेतलेलं लाँग-ईझी विमान घेऊन संध्याकाळी पाचनंतर उडाला. तीन वेळा धावपट्टीला चाकं टेकवून पुन्हा वर गेला, मग किनाऱ्याकडे निघाला. साडेपाचच्या आत विमान पॅसिफिक ग्रोव्हच्या किनाऱ्याजवळ पाण्यात नाकावर पडलं.

वैमानिक चक्रावले, कारण नेहमीचा संशयित इथे लागू पडेना. लाँग-ईझी दिसायलाच उलटं असतं: मोठे पंख मागे, छोटे पंख पुढे, पंखा शेपटीकडे. हा बर्ट रुटान यांचा आराखडा. 1986 मध्ये वाटेत कुठेही इंधन न घेता पृथ्वीप्रदक्षिणा घालणारं व्हॉयेजर त्यांचंच. या रचनेत नाक फार वर गेलं की आधी पुढचे छोटे पंख उचल सोडतात, नाक आपोआप खाली येतं आणि मोठे पंख स्टॉलपर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे स्टॉलची सवयीची कथा बाद. नवखाही म्हणता येईना, डेन्व्हरकडे 2,700 तासांहून जास्त अनुभव होता. मग दारूची चर्चा निघाली. तिला धागा होता: दारूच्या जुन्या प्रकरणांमुळे त्याच्याकडे वैध वैद्यकीय प्रमाणपत्र नव्हतं. तपासणीत शरीरात दारूचा अंश सापडला नाही. ज्यांना विमानं कळतात त्यांनी इंधन म्हटलं, आणि ते जवळ पोचले. साक्षीदारांपैकी कित्येकांनी फट्‌ असा आवाज आणि मग इंजिनाचा आवाज मंदावल्याचं सांगितलं होतं. एक टाकी संपली, इंजिन अडखळलं. पण इंजिन अडखळलं म्हणून विमान दगडासारखं पडत नाही. समोर सपाट पाणी होतं. विमान तरंगत उतरायला हवं होतं.

उत्तर त्याच्या डाव्या खांद्यामागे होतं.

रुटान यांच्या आराखड्यात टाकी बदलायचा कॉक वैमानिकाच्या दोन पायांच्या मधे, समोर होता. लाँग-ईझी हे हौशी लोकांनी आराखडा घेऊन स्वतः बांधायचं विमान, आणि बांधणाऱ्याला फेरफार करायची मुभा असते. हे विमान ज्याने बांधलं त्याला पेट्रोलची नळी माणूस बसतो त्या जागेतून न्यायची नव्हती. विचार सुरक्षिततेचाच. म्हणून त्याने कॉक मागच्या भिंतीवर नेला. त्याच्यावर कोणती बाजू कोणत्या टाकीची, याची खूण नव्हती. टाकीत किती उरलंय ते दाखवणाऱ्या काचनळ्याही पाठीमागेच, त्यांच्यावरही आकडे नव्हते. डेन्व्हरला विमानाची माहिती दिली गेली ती आदल्या दिवशी, अर्ध्या तासात. पाय रडरच्या पेडलपर्यंत पोचावेत म्हणून त्याच्या पाठीमागे उशी होती, म्हणजे कॉक आणखी दूर.

त्याला हे माहीत नव्हतं का? पुरतं माहीत होतं, आणि हीच गोष्ट मला सोडत नाही. त्या दिवशी विमानतळावरच्या मेकॅनिकबरोबर तो याच कॉकवर खटपट करत होता. कॉकला लांब मूठ मिळावी म्हणून त्यांनी अडकून बसणारी पकड लावून पाहिली, जमलं नाही. मेकॅनिकने मागच्या नळ्या दिसाव्यात म्हणून त्याला आरसा दिला. इंधन भरू का, असंही विचारलं. डेन्व्हर म्हणाला, तासभरच उडायचंय. कॉक फिरवायची वेळ आलीच तर ऑटोपायलट लावून फिरवीन, असा त्याचा बेत होता.

तपासनिसांनी मग ती हालचाल स्वतः करून पाहिली. कॉक गाठायचा तर उजवा हात दांड्यावरून काढायचा, खांद्याचा पट्टा सैल करायचा, अंग डावीकडे 90 अंश वळवायचं आणि हात मागे न्यायचा. खुर्चीत बसूनच हे करून पाहा. डावीकडे मागे वळताना आधारासाठी उजवा पाय आपसूक पुढे रेटला जातो. लाँग-ईझीत त्या उजव्या पायाखाली रडरचं पेडल असतं. साक्षीदारांनी विमान उजवीकडे कलताना पाहिलं होतं. उंची त्यांच्या अंदाजाने 350 ते 500 फूट. ऑटोपायलट लावायला तेवढ्या उंचीवर वेळ कुठला?

जानेवारी 1999 मध्ये मंडळाने लिहिलं की कॉकशी झटताना लक्ष विचलित झालं, नकळत उजवा रडर दाबला गेला आणि ताबा सुटला. निघण्याआधी इंधन न भरणं हेही कारणांत धरलं. कॉकची जागा, खुणा नसलेल्या नळ्या, या विमानाचं अपुरं प्रशिक्षण आणि अपुरा सराव, हे सारं सहायक घटक म्हणून नोंदवलं. 'पेट्रोल संपलं असणार' म्हणणारे चुकले नव्हते. पण त्यांच्या त्या एका वाक्यात मागची भिंत नव्हती, उशी नव्हती, आरसा नव्हता, पायाचा तो रेटा नव्हता. 'आपण कुठे पेट्रोल न भरता उडतो?' म्हणून सुस्कारा सोडता येतो. वळताना पाय रेटणारच नाही असं मात्र कुणालाच म्हणता येत नाही.

समुद्रातून वर काढलेल्या अवशेषांत तो कॉकही मिळाला. ना डाव्या टाकीवर, ना उजव्या. मधेच कुठेतरी, अर्धवट फिरवलेला.